स्पोर्ट्स कारला बाहेरचे ट्रिम बसवताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गाडीच्या मूळ उत्पादकाऐवजी दुसऱ्याच कोणी तयार केलेले लिप (बंपरच्या किंवा डिकीच्या कडेला लावायची पट्टी), साईड स्कर्ट (दोन चाकांमध्ये दाराखाली लावायची पट्टी), स्पॉयलर, बोनेटवरच्या जाळ्या आणि डॅशबोर्डवरच्या पट्ट्या यांना या सदरात सोयीसाठी ‘बाहेरचे ट्रिम’ म्हटले आहे. या वेळी निवडलेली सगळी पत्रे या ट्रिमच्या फिटिंगविषयी आहेत. गाड्या वेगळ्या आणि गावेही वेगळी असली, तरी बहुतेक पत्रांमध्ये एक गोष्ट सारखीच दिसते. भाग जागेवर आपोआप बसत नव्हता, तो दाबून किंवा ओढून बसवला गेला आणि पुढे नेमका तिथेच सुटला.

प्रश्न : माझ्याकडे २०१७ ची फोर्ड मस्टँग जीटी आहे. ‘सहाव्या पिढीच्या मस्टँगसाठी’ असे लिहिलेले पाहून मी पुढच्या बंपरखालचा लिप आणि एबीएस प्लास्टिकचे साईड स्कर्ट परदेशातून मागवले. लिप दोन्ही टोकांना बंपरपासून बोटभर दूर राहतो. साईड स्कर्ट मात्र डिसेंबरात सकाळच्या वेळी अगदी चपखल बसले होते. पुढच्या टोकाला स्क्रू आणि बाकी सगळीकडे डबल टेप (दोन्ही बाजूंनी चिकटणारी), अशी ती फिटिंग होती. एप्रिलमध्ये ते मागच्या चाकाजवळ फुगले आणि टेप सुटली. कारागीर म्हणतो, दोन्हीकडे आणखी चार-चार स्क्रू मारू. मारावेत का? — एक वाचक, पुणे

उत्तर : मारू नयेत. आपल्या दोन्ही तक्रारी वरवर सारख्या दिसत असल्या तरी त्यांची कारणे अगदी वेगळी आहेत आणि स्क्रूने त्यांपैकी एकही दूर होणार नाही.

आधी लिपचे पाहू. मस्टँगची सहावी पिढी २०१५ च्या मॉडेलपासून २०२३ पर्यंत चालली, पण २०१८ च्या मॉडेलला कंपनीने पुढचा चेहरा बदलला. बोनेट खाली आले, दिवे बदलले आणि बंपरही नवा झाला. भारतात २०१६ पासून विकली गेलेली जीटी जुन्या चेहऱ्याची आहे, त्यामुळे २०१८ नंतरच्या बंपरसाठी घडवलेला लिप तिच्यावर बसणार नाही. शेल्बी जीटी ३५० या मस्टँगच्याच खास आवृत्तीचे भाग तर त्याहूनही दूरचे, कारण त्या गाडीचा पुढचा बराच भाग स्वतंत्र आहे आणि तिची पुढची मडगार्डे रुंद आहेत. ‘सहावी पिढी’ एवढाच उल्लेख म्हणूनच पुरेसा नसतो. मॉडेलचे वर्ष, जीटी की अन्य प्रकार आणि बंपरच्या खालच्या जाळीचा आकार या तिन्ही गोष्टी विक्रेत्याकडून लेखी घ्याव्यात. आपल्या लिपला अजून रंग दिला नसेल तर तो परत करावा. बोटभर फट स्क्रूने ओढून मिटवली, तर तो ताण लिपमध्ये आणि बंपरच्या पातळ कवचात कायम राहतो. मग काही महिन्यांत स्क्रूभोवतीचा रंग तडकतो किंवा भोक लांबट होऊन फट पुन्हा उघडते.

साईड स्कर्टचा भाग योग्यच आहे, चूक बसवण्याच्या पद्धतीत आहे, आणि ही चूक इतकी सर्रास होते की तिचे गणित मांडून दाखवणे मला आवश्यक वाटते. मस्टँगच्या दोन चाकांमधले अंतर २,७२० मिलिमीटर आहे आणि त्यामध्ये बसणारी पट्टी साधारण १,८०० मिलिमीटर लांबीची धरू. एबीएस प्लास्टिक दर अंश सेल्सिअसला लांबीच्या दहा लाख भागांमागे साधारण ८० भाग वाढते, तर पोलाद सुमारे १२ भाग. डिसेंबरातल्या सकाळी १५ अंशांना बसवलेली काळी पट्टी एप्रिलच्या उन्हात ६० अंशांपर्यंत तापली, तर ती जवळजवळ साडेसहा मिलिमीटर लांबते. तिच्यामागचा, दाराखालचा पोलादी उंबरा मात्र तेवढ्याच तापमानात जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. राहिलेल्या साडेपाच मिलिमीटरना कुठेतरी जागा हवी असते. आपले पुढचे टोक स्क्रूने जखडलेले होते, त्यामुळे सगळी वाढ मागे ढकलली गेली आणि मागच्या चाकाजवळ पट्टी फुगली. चांगल्या प्रतीची अ‍ॅक्रिलिक फोमची टेप स्वतःच्या जाडीच्या साधारण तिप्पट सरक सहन करू शकते, म्हणजे १.१ मिलिमीटर जाडीची टेप सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. साडेपाच मिलिमीटर तिच्या आवाक्याबाहेरचे होते.

हीच पट्टी मधोमध पक्की केली असती, तर दोन्ही टोकांना प्रत्येकी पावणेतीन मिलिमीटर एवढीच सरक आली असती आणि तेवढी टेपने पेलली असती. म्हणून आता जुनी टेप पूर्ण काढावी, मधल्या एका ठिकाणी गोल भोक घेऊन तिथला स्क्रू घट्ट करावा आणि टोकांची भोके पट्टीच्या लांबीच्या दिशेने लांबट करावीत. टोकांच्या स्क्रूंखाली रुंद नायलॉनचे वॉशर घालून ते फक्त टेकतील इतकेच आवळावेत, म्हणजे पट्टी त्यांच्याखाली सरकू शकेल. उंबऱ्याच्या पत्र्यात पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला स्क्रू लावण्यापूर्वी एपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा गंजरोधक थर) लावून तो वाळू द्यावा. पुढच्या पावसाळ्यात गंज तिथूनच आत शिरतो आणि नव्या ट्रिमच्या मागे लपलेला असल्यामुळे फार उशिरा लक्षात येतो. हे काम भर थंडीत किंवा भर उन्हात न करता मधल्या तापमानाला केले, तर वाढीला आणि आकुंचनाला दोन्हीकडे सारखी मोकळीक मिळते.

बसवण्याआधी एक परीक्षा जरूर करावी. पट्टी मास्किंग टेपच्या तुकड्यांनी नुसती टांगून दहा पावले मागे जाऊन पाहावे आणि मग जिथे तिला हाताने दाबून धरावे लागते तिथे पेन्सिलने खूण करावी. दोन-तीन मिलिमीटरचा बाक असेल, तर हीट गन लांबून फिरवून पट्टी मऊ करावी, आकार द्यावा आणि ती पूर्ण थंड होईपर्यंत त्याच आकारात धरून ठेवावी. खुणा नाहीशा होईपर्यंत टेपचे संरक्षक कागद सोलू नयेत. या परीक्षेला अर्धा दिवस जातो आणि माझ्या मते खरी फिटिंग तीच आहे.

प्रश्न : माझा फायबरच्या, म्हणजे काचतंतू आणि रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) यांच्या कामाचा छोटा कारखाना आहे. एका ग्राहकाच्या बीएमडब्ल्यू झेड ४ चा मूळ प्लास्टिकचा लिप घेऊन त्यावरून साचा काढला आणि फायबरचा लिप बनवला. साचा तंतोतंत आहे, तरी तयार लिप दोन्ही बाजूंनी आखूड पडतो आणि मधे धरला तर टोके वर उचलली जातात. रेझिनचा दोष असेल का? — एक कारागीर, कोल्हापूर

उत्तर : रेझिन खराब नाही. आकसणे हा त्याचा स्वभावच आहे. आपण कोल्हापूरचे आहात, म्हणून आपल्याच गावातले उदाहरण देतो. उद्यमनगरातला कोणताही पॅटर्नवाला बिडाच्या ओतीव भागाचा लाकडी पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, मूळ मापाचा कधीच करत नाही. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसते, हे धरून तो पॅटर्न तेवढा मोठा ठेवतो आणि त्यासाठी त्याच्याकडे मोठ्या केलेल्या खुणांची वेगळी मोजपट्टी असते. फायबरच्या कामात ही काळजी बहुतेकांकडून राहून जाते. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकारमानात पाच ते आठ टक्क्यांपर्यंत आकसू शकते. काचतंतू लांबीच्या दिशेला त्याला बरेच रोखून धरतात, तरीही काही अंश उरतो. १,७०० मिलिमीटरच्या लिपमध्ये फक्त ०.३ टक्के आकुंचन उरले, तर तो पाच मिलिमीटरने आखूड होतो. त्यात साचासुद्धा पॉलिएस्टरचाच असेल तर तोही आधी आकसलेला असतो, म्हणजे मूळ मापापासून आपण दोनदा दूर जातो.

टोके उचलली जाण्यामागे आणखी एक कारण आहे. मूळ लिप मऊ प्लास्टिकचा असल्याने बंपरच्या वळणावर स्वतःला जुळवून घेतो आणि क्लिपा त्याला जागेवर खेचून धरतात. फायबरचा भाग ताठ असतो, तो वळणाला मान देत नाही. त्यामुळे मूळ भाग टेबलावर सुटा ठेवून त्याचा साचा काढणे ही पहिलीच चूक ठरते. तो गाडीच्या बंपरवर बसवलेल्या स्थितीत असताना साचा काढला पाहिजे, कारण तेव्हाच त्याला खरा आकार मिळालेला असतो.

या लिपपुरते सांगायचे तर बंपरवर मास्किंग टेप आणि मेणाचा थर लावावा, लिप जागेवर ठेवावा आणि आखूड पडलेल्या टोकांना तिथेच काचमॅट व रेझिन देऊन वाढवावे. रेझिन पूर्ण घट्ट होईपर्यंत लिप गाडीवरून उतरवू नये. पुढच्या कामांसाठी साच्याला एपॉक्सी रेझिन वापरावे, कारण ते दोन टक्क्यांहूनही कमी आकसते. भाग साच्यातून घाईने काढू नये. निदान एक रात्र तो आतच राहू द्यावा आणि रंगापूर्वी काही दिवस आधार देऊन उन्हात ठेवावा. राहिलेले आकुंचन तेव्हा होऊन जाते. नाही तर ते रंगाखाली होते आणि काचतंतूंची वीण रंगातून उमटते.

फट लांबी (पुट्टी) भरून मिटवण्याचा मोह होईल, पण तो टाळावा. दोन मिलिमीटरपेक्षा जाड पुट्टी लिपसारख्या धक्के खाणाऱ्या भागावर टिकत नाही.

प्रश्न : मी ब्रिटनमध्ये राहतो. २०१९ च्या माझ्दा एमएक्स ५ च्या डिकीवर एक छोटा लिप स्पॉयलर टेपने बसवला. गॅरेजमध्ये हीटर लावून काम केले होते. तीन आठवड्यांत उजवे टोक उचलले गेले. टेप नामांकित कंपनीची आहे. गाडीला सिरॅमिक कोटिंग केले आहे, त्याचा काही संबंध असेल का? — एक वाचक, लेस्टर

उत्तर : संबंध आहे, आणि बहुधा मुख्य कारण तेच आहे. पाणी आणि मळ चिकटू नये यासाठीच सिरॅमिक कोटिंग केलेले असते. जिथे पाणीसुद्धा ठरत नाही, तिथे टेपचा गोंद पसरून पकड घेऊ शकत नाही. मेण किंवा पॉलिशचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. सिरॅमिकचा थर मात्र तसा निघत नाही, तो कापणाऱ्या पॉलिश कंपाऊंडने घासूनच काढावा लागतो. स्पॉयलर जागेवर ठेवून त्याच्या बाहेरच्या कडेने मास्किंग टेप लावावी, म्हणजे नेमकी किती जागा घासायची ते कळते आणि बाकीचे कोटिंग शाबूत राहते. घासल्यानंतर निम्मे पाणी व निम्मे आयसोप्रोपिल अल्कोहोल अशा मिश्रणाने पुसावे आणि मग त्या जागेला बोटही लावू नये.

हीटरने हवा गरम झाली म्हणून पत्रा गरम झाला असे होत नाही. या पिढीच्या एमएक्स ५ च्या डिकीचे झाकण अ‍ॅल्युमिनियमचे आहे. गार पत्र्यावर गरम, दमट हवा आली की त्यावर डोळ्यांना न दिसणारे दव धरते आणि टेप त्या दवावर बसते. अशा टेपांसाठी पृष्ठभागाचे तापमान २१ ते ३८ अंश असणे उत्तम, आणि १० ते १५ अंशांखाली त्या लावूच नयेत. पत्रा हेअर ड्रायरने कोमट करून हाताला जाणवेल इतका उबदार ठेवावा. मग टेपवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो इतका दाब द्यावा. तळहाताने थोपटून तेवढा दाब मिळत नाही, अंगठ्याने किंवा छोट्या रबरी रोलरने इंच-इंच दाबत जावे लागते. अशी टेप वीस मिनिटांत निम्मी, चोवीस तासांत नव्वद टक्के आणि बहात्तर तासांत पूर्ण पकड घेते. ते तीन दिवस गाडी धुऊ नये आणि पावसात नेऊ नये.

उजवेच टोक सुटले आणि डावे टिकले, यावरून स्पॉयलरला किंचित पीळ असावा असे वाटते. टेप लावण्याआधी तो डिकीवर नुसता ठेवून उजव्या टोकाखाली कागद सरकतो का ते पाहावे. एक कागद सरकला तर चिंता नाही. टेपच्या जाडीच्या निम्म्याहून अधिक फट असेल, तर आधी पीळ काढावा. आताचा स्पॉयलर उतरवण्यासाठी तो हेअर ड्रायरने कोमट करावा आणि मासेमारीचा नायलॉनचा दोरा करवतीसारखा मागेपुढे ओढत टेप कापावी. पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे पाते घालू नये, रंगाला ओरखडा जातो.

प्रश्न : मस्टँगच्या बोनेटवर खऱ्या कार्बन फायबरच्या जाळ्या स्क्रूंनी बसवून घेतल्या. दोन पावसाळ्यांनंतर स्क्रूंभोवती रंगाला फोड आले असून आतून पांढरी भुकटी निघते. कारागीर म्हणाला, अ‍ॅल्युमिनियम कधी गंजत नाही, रंगच खराब आहे. — एक वाचक, पणजी

उत्तर : आपल्या गाडीचे बोनेट अ‍ॅल्युमिनियमचे आहे हे खरे. लोहचुंबक लावून पाहिल्यास तो चिकटणार नाही. परंतु अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही हे म्हणणे खरे नाही. कार्बन फायबर वीजवाहक आहे. त्याचा अ‍ॅल्युमिनियमशी थेट स्पर्श झाला आणि दोघांमध्ये खारट ओल आली, की तिथे एक छोटी बॅटरी तयार होते आणि त्या बॅटरीत अ‍ॅल्युमिनियम झिजत जाते. पांढरी भुकटी हे त्याच झिजेचे अवशेष. पणजीच्या हवेत समुद्राचे मीठ आहे आणि पावसाळ्यात सांध्यांमधली ओल महिनोन् महिने वाळत नाही. शिवाय कार्बनचा पृष्ठभाग मोठा आणि भोकाच्या कडेला उघडे पडलेले अ‍ॅल्युमिनियम अगदी थोडे, अशी परिस्थिती असते. सगळी झीज त्या चिमूटभर धातूवर येते, म्हणून ती इतक्या लवकर दिसते. हाच भाग नागपुरात कदाचित अनेक वर्षे तक्रारीविना राहिला असता.

जाळ्या ताबडतोब काढाव्यात, पावसाळ्याची वाट पाहू नये. भुकटी आणि फुगलेला रंग निरोगी धातू लागेपर्यंत घासून काढावा. या कामाला पोलादी तारेचा ब्रश वापरू नये, कारण पोलादाचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून नवा गंज सुरू करतात. त्यानंतर एपॉक्सी प्रायमर आणि रंग द्यावा, आणि प्रायमर भोकांच्या आतल्या कडेलाही पोचेल याची खात्री करावी. जाळीच्या मागच्या बाजूने काचतंतूंचा एक पातळ थर रेझिनने चढवून घ्यावा, म्हणजे कार्बन थेट टेकणार नाही. स्क्रू ३१६ प्रतीच्या (खारट हवेत जास्त टिकणाऱ्या) स्टेनलेसचे, प्रत्येकाला नायलॉनची बाही आणि नायलॉनचाच वॉशर. शेवटी कडेने सीलंट देताना खालच्या बाजूला दोन ठिकाणी जागा मोकळी सोडावी. चारी बाजूंनी बंद केलेल्या सांध्यात पाणी गेलेच तर ते बाहेर येऊ शकत नाही.

प्रश्न : गाडीच्या दाराच्या मुठींवर कार्बनची आवरणे लावल्यापासून किल्ली खिशात असूनही दार कधी उघडते, कधी उघडत नाही. — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या मुठीत हाताचा स्पर्श ओळखणारा संवेदक असणार. अशा मुठीवर वीजवाहक आवरण चढले, मग ते खऱ्या कार्बनचे असो वा क्रोमचे, की त्याला स्पर्श नीट कळत नाही. आवरणे काढावीत. रूप हवेच असेल तर कार्बनच्या विणीचा छाप असलेली पातळ व्हिनाइल फिल्म लावावी, ती वीजवाहक नसते.

प्रश्न : माझ्या मस्टँगसाठी डॅशबोर्डवर चिकटवायचा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा संच अमेरिकेहून आणवला. मीटरच्या बाजूचे तुकडे बसत नाहीत. हातकप्प्याच्या (ग्लव्ह बॉक्सच्या) झाकणासाठी एक मोठी पट्टी आहे, तीही थोडी मोठी पडते. कापून बसवता येईल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : हा संच डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीचा आहे. मस्टँग कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची मिळू लागली ती याच सहाव्या पिढीपासून, त्यामुळे अमेरिकेतल्या छोट्या ट्रिम-उत्पादकांपैकी पुष्कळ जण उजव्या बाजूचे माप घेतच नाहीत. मीटरच्या बाजूचे तुकडे कापून जुळणार नाहीत, कारण फरक लांबीचा नसून वळणांचा आहे. गिअरभोवतीचा तुकडा कोरडा ठेवून पाहावा. तो आपणहून टेकत असेल तरच वापरावा.

हातकप्प्याच्या झाकणाची पट्टी मात्र कापूनही बसवू नये आणि मापाची मिळाली तरीही बसवू नये. या पिढीच्या मस्टँगमध्ये पुढच्या प्रवाशाच्या गुडघ्यांसाठीची एअरबॅग त्या झाकणातच बसवलेली आहे. अपघाताच्या क्षणी ती एका सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते आणि झाकणाचा बाहेरचा भाग प्रवाशाच्या दिशेने येतो. त्यावर धारदार कडांची धातूची पट्टी चिकटवलेली असेल, तर ती सुटून पायांवर किंवा पोटावर बसू शकते. डॅशबोर्डच्या वरच्या बाजूला प्रवाशासमोर असलेली एअरबॅग आणि सीटच्या बाहेरच्या कडेच्या एअरबॅगा यांनाही हाच नियम लागू आहे. म्हणून सीटवर घट्ट कव्हर चढवतानाही कडेची शिवण झाकली जाणार नाही हे पाहावे. ‘एअरबॅग’ ही अक्षरे जिथे कोरलेली असतील तिथे टेप, स्क्रू, गोंद यांपैकी काहीही लावू नये.

आपण ती पट्टी आधीच चिकटवली असेल, तर ती स्वतः खेचून काढू नका. झाकण उघडून त्यामागच्या तारांना हात लावण्याआधी बॅटरीची जोडणी काढून काही मिनिटे थांबावे लागते. ते काम एअरबॅगची माहिती असलेल्या अधिकृत कार्यशाळेकडूनच करून घ्यावे, आणि तोपर्यंत त्या सीटवर कोणालाही बसवू नये.